फळबाग लागवड अनुदान (महाराष्ट्र)

फळबाग लागवड अनुदान म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर बहुवार्षिक फळझाडे लावून ती जगवावीत, यासाठी शासनाकडून टप्प्याटप्प्याने दिले जाणारे अर्थसाहाय्य होय. महाराष्ट्रात हे साहाय्य प्रामुख्याने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आणि केंद्रपुरस्कृत एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान या तीन मार्गांनी दिले जाते. सूक्ष्म सिंचनाचे अनुदान, फळपीक विमा आणि नैसर्गिक आपत्तीतील मदत या पूरक तरतुदी आहेत. प्रस्तुत लेखात या योजनांचे सर्वसाधारण स्वरूप सांगून चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुका आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

== स्वरूप ==

हंगामी पिकांना मिळणारे अनुदान बहुधा बियाणे, खते किंवा अवजारे यांच्या खरेदीपुरते असते. फळबागेचे अनुदान यापेक्षा वेगळे असते. आंबा, संत्रा, चिंच यांसारख्या झाडांपासून पहिले उत्पन्न मिळण्यास चार ते आठ वर्षे लागतात. या काळात खड्डे खोदणे, कलमे आणणे, पाणी देणे, राखण करणे हा खर्च होत राहतो, पण उत्पन्न नसते. अल्पभूधारक शेतकऱ्याला एवढा काळ भांडवल अडकवून ठेवणे परवडत नाही. हा उत्पन्नशून्य काळ सुसह्य करणे हा फळबाग अनुदानाचा मूळ हेतू आहे. त्यामुळे ते एकरकमी न देता तीन वर्षांत विभागून दिले जाते आणि पुढचा हप्ता झाडे जिवंत असण्याशी जोडलेला असतो.

== इतिहास ==

=== रोजगार हमी आणि फळबाग ===

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. या योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे त्या काळी विधानपरिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. सुरुवातीची कामे पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशी सार्वजनिक स्वरूपाची होती. १९९० मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम सुरू झाला. खाजगी शेतजमिनीवर फळझाडे लावण्याच्या कामाची मजुरी रोजगार हमीच्या निधीतून देण्याची ही पद्धत त्या वेळी नवीन होती. या कार्यक्रमापूर्वी राज्यातील फळपिकांखालील क्षेत्र सुमारे अडीच लाख हेक्टर होते. पुढील काळात ते अनेक पटींनी वाढले. कोकणातील आंबा व काजू, मराठवाड्यातील मोसंबी, पश्चिम महाराष्ट्रातील डाळिंब आणि विदर्भातील संत्रा या पिकांच्या विस्ताराला या कार्यक्रमाने हातभार लावला.

=== केंद्रीय योजनांचा काळ ===

२००५-०६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू केले. २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचा भाग झाले. राज्यात त्याची अंमलबजावणी पुण्यातील महाराष्ट्र राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळामार्फत होते. नवीन लागवडीबरोबरच जुन्या बागांचे पुनरुज्जीवन, सामूहिक शेततळे, पॅक हाउस, शीतगृह अशा घटकांना या अभियानातून साहाय्य मिळते.

याच सुमारास २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिल्या १२ जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश होता. राज्याचा फळबाग कार्यक्रम नंतर या कायद्याच्या चौकटीत आणला गेला. त्यामुळे जॉबकार्ड, क्षेत्रमर्यादा आणि लाभार्थी प्रवर्ग या अटी लागू झाल्या व मध्यम शेतकऱ्यांचा एक मोठा वर्ग योजनेबाहेर राहिला.

=== भाऊसाहेब फुंडकर योजना ===

ही उणीव भरून काढण्यासाठी राज्य शासनाने २०१८-१९ च्या खरीप हंगामापासून पूर्णतः राज्याच्या निधीतून नवी योजना सुरू केली. ३१ मे २०१८ रोजी निधन पावलेले तत्कालीन कृषिमंत्री पांडुरंग उर्फ भाऊसाहेब फुंडकर यांचे नाव तिला देण्यात आले. फुंडकर हे बुलढाणा जिल्ह्यातील खामगावचे होते. रोजगार हमीतून लाभ घेऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांना फळबागेसाठी साहाय्य देणे हा या योजनेचा घोषित उद्देश आहे.

== प्रमुख योजनांची वैशिष्ट्ये ==

=== रोजगार हमीअंतर्गत लागवड ===

या मार्गाने किमान ०.०५ हेक्टर व कमाल २ हेक्टर क्षेत्रावर लागवड करता येते. शेताच्या बांधावर व पडीक जमिनीवरील लागवडही ग्राह्य धरली जाते. लाभार्थी कुटुंबाकडे जॉबकार्ड असणे आवश्यक असते. अनुसूचित जाती व जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, स्त्रीप्रमुख कुटुंबे, दिव्यांग व्यक्ती कर्ता असलेली कुटुंबे, वनहक्कधारक तसेच अल्प व अत्यल्पभूधारक शेतकरी हे पात्र प्रवर्ग आहेत. कामाची निवड ग्रामसभेच्या संमतीने होते. शेतकरी व त्याच्या कुटुंबातील व्यक्ती स्वतःच्याच शेतात मजुरी करतात व ती मजुरी त्यांच्या खात्यात जमा होते. अनुदानाचा मोठा भाग मजुरीच्या रूपाने घरातच राहतो, हे या योजनेचे वैशिष्ट्य मानले जाते.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे साहाय्य मिळण्यासाठी बागायती फळपिकांत किमान ९० टक्के आणि कोरडवाहू फळपिकांत किमान ७५ टक्के झाडे जिवंत असावी लागतात.

=== भाऊसाहेब फुंडकर योजनेतील लागवड ===

या योजनेत कोकण विभागात ०.१० ते १० हेक्टर आणि उर्वरित महाराष्ट्रात ०.२० ते ६ हेक्टर ही क्षेत्रमर्यादा आहे. लाभ फक्त वैयक्तिक शेतकऱ्याला मिळतो, संस्थेला मिळत नाही. आंबा, काजू, पेरू, चिकू, डाळिंब, सीताफळ, कागदी लिंबू, नारळ, चिंच, जांभूळ, कोकम, फणस, अंजीर, आवळा, संत्रा व मोसंबी या १६ बहुवार्षिक फळपिकांचा योजनेत समावेश करण्यात आला.

अनुदान पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० टक्के व तिसऱ्या वर्षी २० टक्के असे विभागलेले असते. झाडे जगण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी किमान ८० टक्के व दुसऱ्या वर्षी किमान ९० टक्के राखावे लागते. खड्डे खोदणे, कलमे लावणे, पीक संरक्षण आणि नांग्या भरणे या बाबींचा खर्च शासन देते. जमीन तयार करणे व कुंपण करणे ही कामे शेतकऱ्याने करावयाची असतात.

प्रति हेक्टर अनुदान पीक व लागवडीचे अंतर यांवर अवलंबून असते. २०१८ च्या मापदंडांनुसार १० × १० मीटर अंतरावरील कलमी आंब्यासाठी सुमारे ५३ हजार रुपये, ६ × ६ मीटर अंतरावरील संत्र्यासाठी सुमारे ६२ हजार रुपये आणि ३ × २ मीटर अंतरावरील घन लागवडीच्या पेरूसाठी सुमारे २ लाख रुपये असे दर होते. या तफावतीचे कारण मुख्यतः झाडांच्या संख्येत आहे. हेक्टरी आंब्याची १००, संत्र्याची २७७, तर घन लागवडीत पेरूची १,६६६ झाडे बसतात.

=== सूक्ष्म सिंचन ===

ठिबक संचासाठी केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' घटकातून अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य शासन त्यात अनुक्रमे २५ व ३० टक्क्यांची भर घालते. त्यामुळे एकूण अनुदान अनुक्रमे ८० व ७५ टक्के होते. ही टक्केवारी शासनाने ठरविलेल्या खर्चाच्या मर्यादेवर मोजली जाते. बाजारभाव त्याहून अधिक असल्यास फरक शेतकऱ्याला सोसावा लागतो.

== कार्यपद्धती ==

फुंडकर योजना, सूक्ष्म सिंचन व फलोत्पादन अभियान यांसाठी महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. आरंभी लाभार्थ्यांची निवड संगणकीय सोडतीने होत असे. २०२५-२६ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य ही पद्धत स्वीकारण्यात आली. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी अ‍ॅग्रिस्टॅकमधील शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक करण्यात आला.

सातबारा व आठ-अ उतारा, आधारशी जोडलेले बँक खाते आणि अनुसूचित प्रवर्गासाठी जातीचा दाखला ही प्रमुख कागदपत्रे होत. सातबारा सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र आणि जमिनीवर कुळाची नोंद असल्यास कुळाची संमती द्यावी लागते.

पूर्वसंमती मिळाल्यावर पुढील क्रम असतो:

* कृषी सहायक जागेची पाहणी करून जमीन व पाण्याची सोय निवडलेल्या पिकाला योग्य आहे का, हे पाहतो.
* शेतकरी पावसाळ्यापूर्वी खड्डे खोदून ते माती व शेणखताने भरून घेतो.
* कलमे शासकीय रोपवाटिका, कृषी विद्यापीठ किंवा परवानाधारक खाजगी रोपवाटिकेतून घेतली जातात. रोपवाटिकांचे नियमन १९६९ च्या राज्य अधिनियमानुसार होते.
* लागवडीनंतर मोजणी व तपासणी होऊन छायाचित्रांसह नोंद केली जाते.
* देयकाची छाननी होऊन रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.

रोजगार हमी वगळता बहुतेक योजनांत शेतकऱ्याला खर्च आधी करावा लागतो व अनुदान नंतर मिळते. त्यामुळे पहिल्या वर्षासाठी हाताशी रोकड किंवा उधारी असणे ही अलिखित अट ठरते.

=== जगण्याच्या प्रमाणाचा हिशेब ===

एक हेक्टर संत्रा बागेत २७७ झाडे असतात. ८० टक्क्यांची अट पूर्ण होण्यासाठी त्यांपैकी किमान २२२, तर ९० टक्क्यांसाठी किमान २५० झाडे जिवंत असावी लागतात. म्हणजे पहिल्या वर्षी ५५ झाडांची मर नियमात बसते, परंतु दुसऱ्या वर्षी २७ पेक्षा अधिक झाडे कमी असून चालत नाही. पहिल्या उन्हाळ्यात ५५ झाडे वाळली, तर पुढील पावसाळ्यात किमान २८ कलमे नव्याने लावून जगवावी लागतात. मंजूर मापदंडापलीकडील मर शेतकऱ्याने स्वखर्चाने भरून काढावयाची असते.

== वरोरा तालुक्यातील स्थिती ==

वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, नागपूर-चंद्रपूर महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. पश्चिमेस वर्धा नदी असून तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी व सावली हे तालुके, धानाचा प्रदेश आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा व कोरपना या पश्चिमेकडील तालुक्यांत मात्र काळ्या जमिनीवर कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. या भागात फळबाग हे बहुधा मुख्य पीक नसून कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याने जोखीम विभागण्यासाठी धरलेले पूरक पीक असते.

फळपिकांच्या दृष्टीने तालुक्याला काही अनुकूलता आहे. संत्र्यासाठी प्रसिद्ध असलेला नागपूर परिसर जवळ असून नागपूरची मोठी बाजारपेठ महामार्गाने जोडलेली आहे. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपूर येथे आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन येथे महारोगी सेवा समितीचे आनंद निकेतन कृषी महाविद्यालय असून ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या आनंदवनात पडीक जमिनीवर शेती उभी करण्याचे काम झाले. परिसरातील निकृष्ट जमीन लागवडीखाली आणण्याचे ते एक परिचित उदाहरण आहे.

अडचणी प्रामुख्याने जमीन व हवामानाच्या आहेत. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते व त्यामुळे लिंबूवर्गीय झाडांना मूळकूज आणि डिंक्या हे रोग होतात. चर काढून निचरा केल्याशिवाय अशा जमिनीत संत्रा टिकत नाही. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. लागवडीनंतरचे पहिले दोन उन्हाळे हीच कलमांची खरी परीक्षा असते. विहीर मार्चमध्येच आटली, तर जगण्याच्या प्रमाणाची अट पूर्ण होत नाही. म्हणून या भागात फळबागेचे अनुदान आणि विहीर, शेततळे, वीजजोडणी यांचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही. पाण्याची शाश्वती नसलेल्या शेतकऱ्याला सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळ यांसारखी काटक कोरडवाहू फळझाडे अधिक उपयुक्त ठरतात.

== वनप्रदेशातील प्रश्न ==

=== वनपट्टेधारक शेतकरी ===

चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी असंख्य कुटुंबे आहेत. २००६ च्या वनहक्क मान्यता अधिनियमानुसार त्यांना वैयक्तिक वनपट्टे मिळाले. या कायद्याने एका कुटुंबाला कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविला जातो. तो वारसाने पुढे जातो, परंतु विकता येत नाही. वनपट्टेधारक रोजगार हमी व फुंडकर या दोन्ही योजनांत पात्र आहेत.

या कुटुंबांसाठी फळबागेला दुहेरी महत्त्व आहे. एक म्हणजे झाडे लावल्याने वनजमिनीवरील वृक्षाच्छादन वाढते व शेती आणि जंगल यांतील विरोध सौम्य होतो. दुसरे म्हणजे विकता न येणाऱ्या जमिनीवर बँका सहसा कर्ज देत नसल्याने, अनुदान हाच दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा मार्ग उरतो. राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेच्या आदिवासी विकास निधीतून राबविला जाणारा 'वाडी' कार्यक्रम याच विचारावर आधारलेला आहे. सुमारे एक एकरात फळझाडे, कडेने वनझाडे व मधल्या जागेत आंतरपिके अशी त्याची रचना असते.

=== वन्यप्राण्यांचा उपद्रव ===

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प व त्याला लागून असलेल्या जंगलपट्ट्यामुळे रानडुक्कर, रोही व चितळ यांचा शेतीला उपद्रव होतो. लहान कलमे खाल्ली जाणे, साली सोलल्या जाणे आणि ठिबकच्या नळ्या तुटणे हे नुकसान नेहमीचे आहे. वनविभाग पंचनाम्यानंतर पिके व फळझाडांची नुकसानभरपाई देतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौरऊर्जा कुंपणासाठी अनुदान मिळते. फळबाग योजनेत कुंपण ही शेतकऱ्याची जबाबदारी मानली असल्याने जंगलालगतच्या शेतकऱ्याला लागवडीसाठी एका आणि संरक्षणासाठी दुसऱ्या विभागाकडे जावे लागते. हे दोन लाभ एकाच वर्षी न मिळाल्यास पहिल्याच हंगामात कलमे नष्ट होण्याचा धोका असतो.

== विमा व आपत्तीतील मदत ==

फळे धरू लागलेल्या बागांसाठी पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. मृग व आंबिया बहरासाठी तिच्या स्वतंत्र अधिसूचना निघतात. शेतकऱ्याचा हप्ता सर्वसाधारणपणे विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के असतो. भरपाई प्रत्यक्ष शेतातील नुकसानीवरून नव्हे, तर महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या पाऊस, तापमान, आर्द्रता यांच्या नोंदींवरून ठरते. त्यामुळे केंद्रापासून दूरच्या गावातील नुकसान नोंदीत न उमटण्याची शक्यता राहते.

अतिवृष्टी, पूर किंवा गारपिटीने ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार बहुवार्षिक पिकांसाठी ही मदत हेक्टरी २२,५०० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, ठरविण्यात आली. काही वर्षी राज्य शासनाने याहून अधिक दर व ३ हेक्टरची मर्यादा लागू केली.

== मूल्यमापन ==

फळबाग अनुदानामुळे राज्यातील फलोत्पादनाचा पाया विस्तारला, याविषयी सर्वसाधारण एकमत आहे. तथापि काही मर्यादा स्पष्ट दिसतात.

पहिली मर्यादा कालावधीची आहे. अनुदान तिसऱ्या वर्षी संपते, तर संत्र्याचे व्यापारी उत्पन्न साधारण पाचव्या वर्षापासून सुरू होते. मधल्या दोन वर्षांत कोणतेही साहाय्य नसते. तूर, सोयाबीन, मूग, हरभरा यांसारखी आंतरपिके घेऊन शेतकरी हा काळ काढतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या बागा तिसऱ्या हप्त्यानंतर दुर्लक्षित होतात.

दुसरी मर्यादा जमिनीच्या नोंदीची आहे. ठेक्याने किंवा बटईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसल्याने तो पात्र ठरत नाही. बागेची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या अनेक स्त्रियांच्या नावेही जमीन नसते व अनुदान पुरुष खातेदाराच्या खात्यात जाते. पती-पत्नीच्या संयुक्त नावाचा वनपट्टा या बाबतीत सातबाऱ्याहून पुढे आहे.

तिसरी मर्यादा रोजगार हमीतील वेळेची आहे. मजुरी पंधरा दिवसांत मिळावी व विलंब झाल्यास भरपाई द्यावी, असे केंद्रीय कायदा सांगतो. मजुरी व साहित्य यांचे ६०:४० हे प्रमाणही पाळावे लागते. कलमे व खते यांचा निधी उशिरा आला, तर लागवडीचा पावसाळा निघून जातो आणि खोदलेले खड्डे पुढील वर्षापर्यंत रिकामे राहतात.

चौथी मर्यादा विक्रीची आहे. लागवडीचे अनुदान उत्पादन वाढविते, भाव वाढवीत नाही. युरोपीय संघात फळे व भाजीपाल्याचे साहाय्य मोठ्या अंशी उत्पादक संघटनांमार्फत दिले जाते व प्रतवारी, साठवण आणि विपणन हे त्याचे प्रमुख विषय असतात. महाराष्ट्रात शेतकरी उत्पादक कंपन्या, पॅक हाउस व शीतगृह यांना साहाय्य असले, तरी वरोऱ्यासारख्या विखुरलेल्या बागांच्या तालुक्यात एकत्रित विक्रीएवढा माल जमविणे कठीण जाते व बागवान व्यापाऱ्याला उभी बाग विकून मोकळा होतो.

== हेही पाहा ==

* रोजगार हमी योजना
* वरोरा तालुका
* नागपुरी संत्रा
* आनंदवन
* वनहक्क कायदा, २००६
* ठिबक सिंचन